माळ आधी की बाटली सोडणं आधी? गीतेतल्या एका श्लोकाभोवतीचा वाद

आमच्या भागात हरिनाम सप्ताहाच्या दिवसांत एक वाद हमखास कानावर येतो. पिणारा एखादा माणूस माळ घालायची इच्छा बोलून दाखवतो. एक वडीलधारा म्हणतो, "आधी दारू सोड, सहा महिने राहून दाखव, मग घाल माळ." दुसरा म्हणतो, "अरे, घालू दे त्याला. माळ गळ्यात पडली की बाटली हातातून सुटतेच." दोघेही वारकरी, दोघांचीही ज्ञानेश्वरीची पारायणं झालेली, आणि दोघांनाही गीतेचा आधार आहे. देवळाच्या ओट्यावर हा वाद मिटत नाही, कारण तो भाष्यकारांमध्येही मिटलेला नाही. शंकराचार्यांपासून विनोबांपर्यंत बाराशे वर्षांत त्याची बाजू बदलत राहिली आहे.

वादाचं मूळ सातव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात आहे. त्याचा भावार्थ असा: दुष्कर्म करणारे, मूढ, माणसांतले अधम, मायेने ज्यांचं ज्ञान हिरावून नेलं आहे आणि ज्यांनी आसुरी भाव धरला आहे, ते मला शरण येत नाहीत. श्लोकात ही सगळी विशेषणं एकापाठोपाठ एक ठेवली आहेत. 'म्हणून' किंवा 'त्यामुळे' असा एकही शब्द नाही. त्यामुळे माणूस वाईट आहे म्हणून देवाकडे पाठ फिरवतो, की पाठ फिरवली म्हणून वाईट होत जातो, हे श्लोक स्वतः सांगत नाही. पुढचा सगळा वाद या न लिहिलेल्या शब्दाचा आहे.

गीतेआधीची अट आणि गीतेची तीन वाक्यं

गीतेच्या आधी उत्तर बरंच कडक होतं. कठोपनिषद सांगतं की जो दुराचारापासून परतला नाही, ज्याचं मन शांत झालं नाही, त्याला नुसत्या बुद्धीच्या बळावर आत्मा गवसत नाही. म्हणजे आधी सोडा, मग या. ओट्यावरच्या पहिल्या वडीलधाऱ्याची बाजू ती हीच.

गीता ही अट मोडत नाही, पण तशीच्या तशी ठेवतही नाही. सातव्या अध्यायातच अठ्ठाविसाव्या श्लोकात ती म्हणते की ज्या पुण्यकर्मी लोकांचं पाप संपलं आहे, ते दृढ निश्चयाने मला भजतात. इथे क्रम स्पष्ट आहे: पाप आधी संपतं. आणि मग नवव्या अध्यायाचा तिसावा श्लोक येतो. कोणी अत्यंत दुराचारी असला, पण अनन्य होऊन मला भजत असला, तर त्याला साधूच मानावा, कारण त्याचा निश्चय योग्य झाला आहे. एकतिसावा श्लोक पुढे सांगतो की तो लवकरच धर्मात्मा होतो.

या दोन श्लोकांतली क्रियापदं मला फार महत्त्वाची वाटतात. तिसाव्यात 'मानावा' आहे, एकतिसाव्यात 'होतो' आहे. मानणं आधी, होणं मागाहून. मधे काही काळ जातो, आणि त्या काळात हा माणूस नक्की कोण, हे श्लोक सांगत नाही. शिवाय 'मानावा' ही सूचना त्या माणसासाठी नाहीच, ती त्याच्याकडे पाहणाऱ्यांसाठी आहे. माळेचा वाद नेमका या मधल्या काळातला वाद आहे.

चार शब्द की चार माणसं?

सर्वांत जुनं उपलब्ध भाष्य शंकराचार्यांचं, आठव्या शतकाच्या आसपासचं. ते सातव्या अध्यायातल्या या श्लोकावर थोडक्यातच लिहितात. दुष्कृती म्हणजे पाप करणारे, आसुरी भाव म्हणजे हिंसा, असत्य वगैरे. ज्ञान 'हिरावलेले' या शब्दाचा अर्थ मात्र ते चोरीला गेलेलं ज्ञान असा करतात. हा अर्थ अडचणीत टाकणारा आहे. आधीच्याच श्लोकात कृष्ण मायेला 'माझी' म्हणतो. मग चोरी कोणाची? आणि ज्याच्या घरी चोरी झाली, त्यालाच अधम का म्हणायचं?

अठ्ठाविसाव्या श्लोकावर आचार्य एक छोटा शब्द घालतात. पाप 'संपलं' याचा अर्थ ते 'संपत आलं' असा लावतात. अट राहिली, पण तिच्यात फट ठेवली गेली. नवव्या अध्यायातल्या श्लोकावर ते म्हणतात की बाहेरचा दुराचार टाकून, आतल्या योग्य निश्चयाच्या बळावर, तो लवकर धर्मात्मा होतो. म्हणजे दारू सोडणं यात आहेच. फक्त ते निश्चयाच्या ताकदीने होतं, निश्चयाआधी नाही.

रामानुजाचार्य सातव्या अध्यायातल्या त्या पंधराव्या श्लोकात चार प्रकारची माणसं पाहतात, आणि त्यांना पापाच्या चढत्या क्रमाने उभं करतात. मूढ म्हणजे ज्याला देवाचं स्वरूपच कळलेलं नाही. नराधम म्हणजे ज्याला सामान्यपणे कळलं आहे, पण जो वळायला तयार नाही. तिसऱ्याला ज्ञान झालं होतं, पण खोट्या युक्तिवादांनी ते झाकलं गेलं. चौथा सर्वांत वाईट: त्याचं ज्ञान पक्कं आहे, आणि ते ज्ञानच त्याच्या द्वेषाचं कारण झालं आहे. पुढच्या सोळाव्या श्लोकात देवाकडे येणारेही चार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी, ज्ञानी. त्यांच्यासमोर पाठ फिरवणाऱ्या चौघांची ही रांग नेटकी बसते. या मांडणीचं मोठं बळ असं की 'ईश्वरविमुख' हा एकच शिक्का सगळ्यांवर मारला जात नाही. ज्याला कोणी सांगितलंच नाही आणि ज्याने जाणूनबुजून नाकारलं, त्यांचा दोष एकसारखा धरला जात नाही.

रामानुजांच्या मागून त्यांच्याच संप्रदायात फाटा पडला. एका शाखेने माकडाच्या पिल्लाचा दाखला घेतला: पिल्लाने आईला घट्ट धरायचं. दुसरीने मांजराच्या पिल्लाचा: आईच त्याला मानेला धरून उचलते. दुसऱ्या शाखेतले आचार्य तर इथवर गेले की शरण आलेल्याचा दोषसुद्धा देवाला प्रिय असतो. पहिल्या शाखेला हे फारच सैल वाटलं. ओट्यावरचे दोन वडीलधारे तमिळ देशात शेकडो वर्षांपूर्वीच समोरासमोर बसले होते.

मध्वाचार्यांचं उत्तर सर्वांत कठोर आहे. त्यांच्या मते जीवांच्या स्वभावातच भेद आहे: काही मुक्तीला योग्य, काही संसारात कायम फिरणारे, आणि काही अंधारालाच योग्य. या मांडणीत विमुखता ही घडलेली गोष्ट उरत नाही, ती मुळातलीच ठरते. जगात जे दिसतं त्याचं ती प्रामाणिक वर्णन करते, असं तिचे समर्थक मानतात. आक्षेप घेणारे विचारतात की मग नवव्या अध्यायातलं आश्वासन कोणासाठी होतं?

ज्ञानेश्वरांची नदी

मराठी वाचकाला हा श्लोक भेटतो तो ज्ञानेश्वरीतून, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधून. तिथे त्याचा नूरच वेगळा आहे.

पंधराव्या श्लोकाआधी ज्ञानेश्वर मायेचं लांबलचक रूपक बांधतात. माया ही नदी. ती ब्रह्माच्या डोंगरातून निघते, तिला पूर येतो, भोवरे येतात. आपल्या बुद्धीच्या बाहुबळावर पोहायला निघालेले तिच्यात वाहून जातात. ज्ञानाचा गर्व, कर्माचा गर्व असलेले सगळे कुठे ना कुठे बुडतात. सर्वभावाने भजणाऱ्यांना मात्र पोहावंच लागत नाही. त्यांच्यासाठी अलीकडच्या काठावर असतानाच पाणी संपतं.

मग पाठ फिरवणारे येतात. रामानुजांसारखी चार माणसांची उतरंड ज्ञानेश्वर मांडत नाहीत. ते म्हणतात, यांच्या अंगात अहंकाराचं भूत शिरलं आहे, म्हणून यांना स्वतःचा विसर पडला. अंगावर नेमाचं वस्त्र आहे की नाही याची शुद्ध नाही, पुढे होणाऱ्या अधोगतीची लाज नाही. ज्या कामासाठी शरीराच्या गावाला आले, ते काम बाजूला टाकून इंद्रियांच्या हमरस्त्यावर विकारांचा घोळका जमवून बसले आहेत. दुःखाचे घाव बसतात, पण आपल्याला मार बसतो आहे हेही त्यांना जाणवत नाही. आणि शेवटी ज्ञानेश्वर या लोकांसाठी क्रियापद वापरतात ते 'चुकले': ते मला चुकले.

मराठीत जत्रेत पोर चुकतं, माणूस वाट चुकतो. चुकलेल्याला शोधायला बाहेर पडतात, पकडायला नाही. मूळ श्लोकातला निवाड्याचा सूर ज्ञानेश्वरांनी जवळजवळ रुग्णाच्या वर्णनात बदलला आहे. अंगात आलेल्या माणसाला कोणी दोष देत नाही, त्याचं भूत उतरवतात. मात्र भूत अहंकाराचं आहे, म्हणजे आपलंच. त्यामुळे जबाबदारी पूर्ण सुटतही नाही. शंकराचार्यांच्या 'चोरी'पेक्षा ही कल्पना मला जास्त खरी वाटते, कारण तिच्यात चोर घरातलाच आहे.

नवव्या अध्यायात ज्ञानेश्वर पुन्हा पाण्याकडे येतात. महापुरात बुडालेला माणूस न मरता काठाला लागला, तर त्याचं बुडणं वाया गेलं, तसं शेवटी भक्ती आली की केलेलं पाप उरत नाही. सातव्या अध्यायातली नदी आणि हा पूर मी एकच धरतो. तिथे बुडालेला इथे जिवंत निघाला आहे. कसा निघाला, याचं उत्तर देताना ज्ञानेश्वर मूळ श्लोकात नसलेला शब्द आणतात: अनुताप. दुष्कृती असला तरी तो अनुतापाच्या तीर्थात न्हाला आणि मग आत आला. संस्कृत श्लोकात निश्चय आहे, पश्चात्तापाचा उल्लेख नाही. मनुस्मृतीत पापातून सुटण्याच्या उपायांत कबुली, तप, दान यांच्यासोबत अनुताप येतो, म्हणजे कल्पना नवी नव्हती. पण तिला तीर्थाची जागा देऊन ज्ञानेश्वरांनी क्रमाच्या वादाला तिसरी पायरी दिली. पाप संपण्याची वाट पाहायची नाही, आणि पाप झाकून आतही यायचं नाही. वाटेत एक घाट आहे, तिथे उतरायचं. पसायदानात खळांचा नाश न मागता त्यांचा वाकडेपणा जावा असं मागितलं जातं, ते याच विचाराचं पुढचं पाऊल आहे.

द्वेष करणारा कुठे बसतो?

भागवत पुराणाने या मांडणीत मोठी अडचण उभी केली. रामानुजांच्या क्रमात जाणून द्वेष करणारा सर्वांत खाली. पण भागवताच्या सातव्या स्कंधात नारद सांगतात की कंस भयाने आणि शिशुपाल वैराने अखंड चिंतन करीत देवालाच पोचले. आपले कीर्तनकार याला विरोधभक्ती म्हणतात. या दृष्टीने पाहिलं तर पाठ फिरवणं म्हणजे द्वेष नव्हे, बेपर्वाई. सहाव्या स्कंधातला अजामिळ आणखी पुढे जातो. मरताना त्याने हाक मारली ती नारायण नावाच्या मुलाला, आणि तेवढ्यावर विष्णुदूतांनी यमदूतांना अडवलं. नामाचा महिमा म्हणून ही कथा सांगतात, पण सांगणाऱ्यांतही मतभेद आहेत. काहींच्या मते अजाणता घेतलेलं नावच पुरेसं होतं. काही दाखवून देतात की अजामिळ तिथेच संपला नाही, त्याला फार पश्चात्ताप झाला आणि तो हरिद्वारला जाऊन साधनेला बसला. दुसऱ्या वाचनात अनुतापाचा घाट पुन्हा सापडतो.

तुरुंगातले दोन वाचक

विसाव्या शतकात गीतेची दोन सर्वांत प्रभावी मराठी वाचनं तुरुंगात झाली. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलं, ते १९१५ मध्ये छापून आलं. त्यातलं दहावं प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर आहे, आणि आपल्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. आधीच्या कर्मांनी बुद्धी घडते आणि बुद्धीप्रमाणे पुढचं कर्म होतं, तर वाईट माणूस कधी सुधारणारच कसा? टिळकांचं उत्तर असं की देहेंद्रियं कर्माच्या चक्रात असली तरी आत्मा स्वतंत्र आहे, आणि सुधारण्याची प्रेरणा तिथून येते. प्रयत्नाला त्यांच्याकडे मोठी जागा आहे. मध्वांच्या मुळातल्या भेदाला हे थेट उत्तर ठरतं.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अध्याय सांगितला. सातवा ३ एप्रिलला, नववा १७ एप्रिलला. साने गुरुजी ते उतरवून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. विनोबांचा भर पापाच्या मोजमापावर नाही. जे काही हातून घडतं ते देवाला अर्पण करण्याच्या साध्या वळणावर आहे. मला हे वाचताना नेहमी ती जागा डोळ्यांसमोर येते: भिंतीच्या आत, सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांसमोर, 'साधूच मानावा' हा श्लोक उलगडला जातो आहे.

अठ्ठावीस वर्षांनी हा श्लोक पुस्तकाबाहेर आला. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात विनोबांसमोर सुमारे वीस दरोडेखोरांनी शस्त्रं ठेवली. सुरुवात झाली होती ती दरोडेखोर मानसिंगाचा मुलगा तहसीलदारसिंग याने तुरुंगातून विनोबांना लिहिलेल्या पत्राने. विनोबांनी त्यांना भाऊ मानलं, पण माफीचं वचन दिलं नाही. खटले चालले, शिक्षा झाल्या. तरीही टीका झाली की खुन्यांना साधुत्वाचं वलय मिळालं आणि त्यांच्याशी लढताना मेलेले पोलीस विसरले गेले. 'मानावा' आणि 'होतो' यांच्यामधल्या काळात समाजाने आणि कायद्याने काय करायचं, याचा हा प्रत्यक्ष प्रयोग होता. बारा वर्षांनी जयप्रकाश नारायणांनी तोच पुढे नेला.

वाईट कोणाला म्हणायचं?

नवव्या अध्यायात दुराचाऱ्याच्या श्लोकांनंतर लगेच बत्तिसावा श्लोक येतो, त्यात 'पापयोनी' हा शब्द आहे आणि पाठोपाठ स्त्रिया, वैश्य, शूद्र येतात. शंकराचार्य या तिघांनाच पापयोनी मानतात. टिळक तसं मानत नाहीत, ते पापयोनी हा वेगळा गट धरतात आणि त्या काळी सरकार ज्यांना गुन्हेगार जमाती म्हणत असे त्यांचं उदाहरण देतात. १८७१ पासून सुरू झालेल्या कायद्याने पारध्यांसारख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. टिळकांचा हेतू स्त्रिया आणि शूद्रांवरचा डाग काढण्याचा होता हे उघड आहे. पण तो डाग दुसऱ्या माणसांवर गेला, आणि तीही जन्मानेच ठरलेली.

हा मुद्दा मी बाजूला ठेवू शकत नाही. दुष्कृत्य ही केलेली गोष्ट आहे, योनी ही मिळालेली. दोन्ही श्लोक शेजारी आल्यामुळे शेकडो वर्षं दोन्हींची सरमिसळ झाली. जन्माने अस्पृश्य ठरवलेल्या संत चोखोबांनी विठ्ठलाकडे कधीच पाठ फिरवली नव्हती, दार त्यांच्यासाठी बंद होतं. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीशी आहे. धुळ्यात विनोबांचे शब्द उतरवून घेणाऱ्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये तेच दार उघडावं म्हणून पंढरपुरात उपोषण केलं. विमुखतेची चर्चा करताना कोणी पाठ फिरवली आणि कोणाला परतवलं, हे आधी तपासायला हवं. जुन्या भाष्यांतून हा प्रश्न येत नाही, तो नंतरच्या लोकांना विचारावा लागला.

जे अजून सुटलेलं नाही

क्रमाचा वाद आज बराच निवळला आहे. आधी पूर्ण शुद्धी, मग भक्ती, असं आग्रहाने म्हणणारे थोडे उरले आहेत, आणि नुसत्या नामाने सगळं धुऊन निघतं असं म्हणणाऱ्यांनाही अनुताप वगळता येत नाही. जबाबदारीचा वाद तसाच आहे. माया देवाची, अहंकार आपला, संस्कार आधीच्या जन्मांचे: या तिघांत दोष कसा वाटायचा, यावर एकमत नाही आणि होईल असं दिसतही नाही. 'मला धर्म कळतो, पण तिकडे वळता येत नाही' अशी कबुली पांडवगीतेत दुर्योधनाच्या तोंडी घातली आहे. तिसऱ्या अध्यायात अर्जुनही जवळजवळ तेच विचारतो: इच्छा नसताना माणसाला पापाकडे कोण ओढतं? एकाच प्रश्नाने एक जण शिष्य झाला आणि दुसरा नाही, हा फरक कोणत्याही भाष्याने मला समाधान होईल असा उलगडलेला नाही.

आणि एक बाजू भाष्यांच्या कडेला राहते. पाप करणारा आणि देव, या दोघांमध्येच ही चर्चा चालते. ज्याच्यावर पाप झालं, तो तिसरा माणूस तिच्यात क्वचितच दिसतो. धर्मशास्त्राला तो माहीत होता. चोराने प्रायश्चित्त घेण्याआधी चोरीचा माल मालकाला परत द्यावा, असं मनुस्मृती सांगते, आणि म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ मधल्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताची सविस्तर चर्चा आहे. पण ही भरपाईची अट आणि नवव्या अध्यायातलं आश्वासन, यांची सांगड कोणी नीट घातलेली नाही. महापुरात बुडालेला वाचला, हे खरं. त्याच पुरात त्याने ज्यांना ओढलं, त्यांचं काय?

आमच्याकडच्या एका सप्ताहात वीणा ज्यांच्या गळ्यात असतो ते गृहस्थ पूर्वी खूप पीत. माळ घातली आणि पिणं सुटलं, दुसऱ्या वडीलधाऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. काल्याच्या दिवशी बायकापोरं रांगेने वीणेकऱ्याच्या पाया पडतात. त्यांची बायको मंडपाच्या कडेला भाकरीच्या दुरड्या आवरत होती. मी सहज म्हणालो, "काकू, माणूस किती बदलला." त्या म्हणाल्या, "बदललाय खरा. देवानं पदरात घेतलाय." मग उजवं मनगट चोळत त्या म्हणाल्या, "ह्ये मात्र थंडीत अजून ठणकतंय. त्याला अजून कुणी इचारलं न्हाई." दुरड्या बाजूला ठेवून, पदर सावरून, त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.